फ्लॅटमध्ये चार फुटी मरीन टँक: काचवाल्याला फोन करायच्या आधी काय काय ठरवायचं

गोड्या पाण्याचा टँक दोन-चार वर्षं नीट सांभाळला की मरीनचा, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकचा मोह होतोच आणि मग बहुतेक जण पहिलं काम काय करतात तर काचवाल्याला फोन लावून मापं देतात. माझं म्हणणं, तिथेच जरा थांबा. मरीनमध्ये काच हा सगळ्यात सोपा भाग आहे. वजन घरात कुठे पेलणार, एवढं शुद्ध पाणी कुठून येणार, मे महिन्यात टँक थंड कसा राहणार आणि लाईट गेली तर काय, ह्याची उत्तरं हातात आली की टँकचं माप आपोआप ठरतं. आधी टँक आणि मग उत्तरं असं केलं की प्रत्येक गोष्टीत जुगाड करावा लागतो आणि खाऱ्या पाण्यात जुगाड टिकत नाही.

मी इथे ४ x २ x २ फुटांचा टँक धरून लिहितोय, कारण घरात मोठा म्हणता येईल आणि तरी एका माणसाला सांभाळता येईल असा हाच साईज आहे. हा टँक फक्त माशांचा, कोरलचा नाही. त्याचं कारण सरळ आहे, कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या संरक्षित यादीत रीफ बांधणारी सगळी कठीण कोरल्स, सी फॅन आणि समुद्री घोडे आहेत. ते पकडणं, विकणं, घरात ठेवणं सगळा गुन्हा. दुकानात कुणी 'चालतं हो सगळं' म्हणालं तरी घेऊ नका. आपल्या मालवणच्या समुद्रात कोरल आहे, विजयदुर्गच्या पश्चिमेला खोल समुद्रात आंग्रिया बँक आहे, ते तिथेच राहू द्या. लाईव्ह रॉक, म्हणजे आधीच बॅक्टेरिया वसलेला दगड, म्हणून जे विकतात तेही बऱ्याचदा मेलेल्या कोरलचे तुकडेच असतात, त्यामुळे सिरॅमिक रॉक किंवा माणसाने बनवलेला ड्राय रॉक घ्या, बॅक्टेरिया त्यातही तितकेच छान वसतात, फक्त वेळ लागतो.

आता वजन. चार बाय दोन बाय दोन काठोकाठ भरला तर साधारण साडेचारशे लिटर. १२ एमएमची काच ऐंशी-नव्वद किलो, रॉक आणि वाळू साठ-सत्तर, स्टँड तेवढाच, खाली सम्पमधलं, म्हणजे टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतलं पाणी ऐंशी. सगळं धरून साडेसातशे किलोच्या आसपास जातं आणि हे सगळं फक्त आठ चौरस फुटांवर उभं राहणार. राहत्या घराच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ ह्या भारतीय मानकात लाईव्ह लोड, म्हणजे माणसं-सामानाचं वजन, धरलाय चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास, आणि आपला टँक त्याच्या खालच्या जागेवर चौरस मीटरला हजार किलो टाकतोय. ह्याचा अर्थ स्लॅब लगेच खाली येईल असा नाही कारण तो आकडा अख्ख्या खोलीवर पसरून धरलेला असतो, पण जागा कुठली निवडता ह्याला फार महत्त्व येतं. खोलीच्या मधोमध नको. ज्या भिंतीखाली बीम आहे तिला लांब बाजू लावून, शक्यतो कॉलमजवळ. बाल्कनी किंवा बाहेर काढलेला भाग, अजिबात नाही. बाथरूमशेजारचा संकन, म्हणजे खाली उतरवलेला स्लॅब भरून वर फरशी टाकलेली असते, तिथेही नको. लाकडी तुळयांची जुनी इमारत असेल तर हा साईज विसरा. आणि सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला आरसीसी ड्रॉइंग दाखवून एकदा विचारा, त्याची फी ह्या छंदातला सगळ्यात चांगला खर्च आहे.

स्टँड ४० x ४० एमएमचा एमएस, म्हणजे लोखंडी, स्क्वेअर पाईप वेल्ड करून, रेड ऑक्साईड आणि वरून पावडर कोटिंग. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडतातच, वेल्डिंगच्या जॉइंटवर कोटिंग राहिलं असेल तर गंज तिथूनच सुरू होतो. वर १८-१९ एमएमचं मरीन प्लाय, म्हणजे आयएस ७१० शिक्का असलेलं, साधं कमर्शियल नको, फुगतं. त्यावर थर्माकोल शीट आणि मग टँक. स्पिरिट लेव्हल लावून चारही बाजू बघा, टँक भरल्यावर लेव्हल करता येत नाही.

काचवाल्याला सांगायच्या गोष्टी पण नीट लिहून द्या. पुढची काच एक्स्ट्रा क्लिअर घेतलीत तर हिरवट झाक दिसत नाही, बाकी साधी चालते. वरून काचेच्या पट्ट्या, म्हणजे युरो ब्रेसिंग, मागा. फंगसविरोधी औषध मिसळलेलं, बाथरूमला लावतात ते सिलिकॉन नको. ओव्हरफ्लोची, म्हणजे वरचं पाणी खाली सम्पमध्ये उतरायची, भोकं आधीच पाडून घ्यायची आणि जी काच ड्रिल होणार ती टफन केलेली नसावी, टफन काचेला ड्रिल लावला की ती क्षणात चुरा होते. सिलिकॉनला किमान आठवडाभर वाळू द्या आणि नंतर काचवाल्याकडेच पाणी भरून दोन दिवस ठेवायला लावा, गळती घरात कळण्यापेक्षा तिथे कळलेली बरी.

आता सम्प, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण घरभर पाणी सांडतं ते बहुतेक वेळा इथल्या चुकीमुळे. वरच्या टँकमधून पाणी ओव्हरफ्लोने खाली येतं, सम्पमध्ये फिल्टर सॉक (गाळणारी कापडी पिशवी), स्किमर (फेस करून घाण काढणारं यंत्र), हीटर असं करत शेवटच्या कप्प्यातून रिटर्न पंप ते वर ढकलतो. लाईट गेली की पंप थांबतो पण वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या काठापर्यंत खाली येत राहतं, शिवाय रिटर्न पाईपचं तोंड पाण्यात जितकं खोल आहे तिथपर्यंतचं पाणी उलटं सायफन होऊन खाली येतं. चार बाय दोनच्या टँकमध्ये एक इंच पाणी म्हणजे जवळपास १९ लिटर. नोझल दोन इंच खाली ठेवलं तर अडतीस लिटर एकदम सम्पमध्ये. ३६ x १५ x १५ इंचांचा सम्प घेतला आणि त्यात ९ इंच पाणी ठेवलं तर वर ६ इंच रिकामे राहतात, म्हणजे पन्नास लिटरच्या वर जागा, हे पुरतं. कुणी सांगेल की नॉन रिटर्न व्हॉल्व्ह टाका की झालं, तर त्यात शेवाळ नाहीतर मीठ अडकतं आणि तो नेमका हवा तेव्हा बंद होत नाही. रिकामी जागा कधी बिघडत नाही, म्हणून हिशोब जागेचाच ठेवा. सगळं जोडून झालं की पहिल्या दिवशीच मुद्दाम मेन स्विच बंद करून बघा पाणी कुठे येऊन थांबतं, आणि तिथे मार्करने रेघ मारून ठेवा.

ओव्हरफ्लोला दोन पाईपवाली हर्बी पद्धत मला सगळ्यात आवडते. एक पाईप पूर्ण पाण्याखाली, त्याला खाली गेट व्हॉल्व्ह, त्याने फ्लो बारीक ॲडजस्ट होतो आणि गुळगुळ आवाज अजिबात येत नाही. दुसरा पाईप साधारण इंचभर वर उघडा, इमर्जन्सीसाठी, पहिला चोंदला की पाणी ह्याच्यातून जातं. इथे बॉल व्हॉल्व्ह नको, त्याने बारीक ॲडजस्टमेंट जमत नाही. पाईप आपला नेहमीचा यूपीव्हीसी चालतो आणि पंपाच्या जवळ युनियन, म्हणजे उघडता येणारा जोड, टाका म्हणजे साफ करायला पंप काढताना करवत लागणार नाही. रिटर्न पंप तासाला टँकच्या तीन ते पाच पट पाणी फिरवेल असा हवा, पण बॉक्सवरचा आकडा शून्य उंचीचा असतो, पाच फूट वर ढकलताना तो बराच खाली येतो. उरलेला फ्लो टँकच्या आत वेव्हमेकरने, म्हणजे पाणी हलवणाऱ्या छोट्या पंपाने करायचा.

पाणी. समुद्राचं आणू नका, मुंबईच्या किनाऱ्याचं तर नाहीच, त्यात सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात खारटपणाही पार उतरतो. नळाचं, बोअरचं, टँकरचं पाणी मीठ टाकून वापरलं तर नायट्रेट, फॉस्फेट, कधी कधी तांबं पण येतं, आणि तांबं थोडंसं असलं तरी कोळंबी-गोगलगायी मरतात. आरओ अधिक डीआय (उरलेले क्षार काढणारं रेझिन) पाहिजे, टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्य. घरचा आरओ वापरता येतो पण त्यात टीडीएस कंट्रोलर आणि मिनरल कार्ट्रिज असतं, ते चवीसाठी क्षार परत मिसळतं. मेम्ब्रेनमधून शुद्ध पाणी बाहेर येतं तिथूनच टी काढून वेगळी लाईन घ्या आणि पुढे रंग बदलणाऱ्या डीआय रेझिनची नळी लावा, रंग बदलला की रेझिन बदलायचं. घरचा आरओ तासाला दहा-बारा लिटर देतो, त्यामुळे पहिला भरणा चार-पाच दिवस चालणार हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, आणि रिजेक्टचं पाणी गच्चीत साठवून फरशी-संडासला वापरा, ते थोडंथोडकं नसतं.

मीठ म्हणजे मरीन सॉल्ट मिक्स, स्वयंपाकाचं किंवा खडे मीठ नाही. लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम, म्हणजे सगळ्या सिस्टमला सोळा-सतरा किलो. फूड ग्रेड ड्रममध्ये आधी पाणी, मग मीठ, पंप चालू ठेवून रात्रभर फिरू द्या. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, तोही ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन फ्लुइडने सेट केलेला. घनतेचा आकडा १.०२५-१.०२६ वर आला की झालं. टँकमधून रोज फक्त पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून रोजचं टॉपअप मीठ न टाकलेल्या आरओ-डीआय पाण्याने. हे हाताने करायला लागलात की एखाद्या दिवशी राहतंच, ऑटो टॉपअप पहिल्या दिवसापासून घ्या.

उन्हाळा हा आपल्याकडचा खरा शत्रू आहे. टँक २५-२६ डिग्रीला हवा. खाऱ्या पाण्यात मुळात ऑक्सिजन गोड्यापेक्षा कमी विरघळतो, तापमान तीसकडे गेलं की अजून कमी, आणि मासे वर येऊन धापा टाकतात. पुणे, नाशिक, नागपूरकडे हवा कोरडी म्हणून पाण्यावर फॅन लावला की दोन-तीन डिग्री सहज उतरतात. मुंबई-कोकणात दमटपणामुळे फॅनचा तेवढा उपयोग नाही, तिथे चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, धरूनच बजेट करा. चिलर कॅबिनेटमध्ये कोंडू नका, तो गरम हवा बाहेर टाकतो आणि तीच परत टँकला तापवते. माशांच्या टँकला भारी कोरल लाईट लागत नाहीत, साधी एलईडी पुरते, तेवढी उष्णता आणि बिल दोन्ही वाचतं. पुण्या-नाशिकला थंडीत हीटर मात्र लागतो.

वायरिंगला वेगळा एमसीबी आणि ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच), ह्यात काटकसर नको, खारं पाणी आणि करंट हा जिवाचा प्रश्न आहे. प्रत्येक वायर सॉकेटच्या खालपर्यंत लोंबकळून मग वर सॉकेटमध्ये जाऊ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी खालीच गळतं. इन्व्हर्टरवर फक्त रिटर्न पंप आणि वेव्हमेकर घ्या. चिलर त्यावर जोडू नका, बॅटरी लगेच बसेल. शिवाय बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असूच दे, पावसाळ्यात कोकणात लाईट दोन दोन दिवस जाते हे सगळ्यांना माहितीये.

रॉक आधी थेट काचेवर, वाळू नंतर, म्हणजे बिळं करणाऱ्या माशांमुळे ढीग कोसळत नाही. मागच्या काचेपासून सुटं ठेवा, मॅग्नेट क्लीनर फिरला पाहिजे. मग सायकलिंग, म्हणजे घाण पचवणारे बॅक्टेरिया टँकमध्ये वसवणं. अमोनियम क्लोराईडने अमोनिया २ पीपीएमपर्यंत न्या, बाटलीतले बॅक्टेरिया टाका, लाईट बंद. आधी नायट्राईट वर जाईल, मग नायट्रेट. टाकलेला अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही चोवीस तासांत शून्यावर येऊ लागले की टँक तयार, ह्याला चार ते सहा आठवडे लागतात आणि ड्राय रॉकला कधी जास्तही. सायकलिंगसाठी म्हणून स्वस्त डॅमसेल मासे टाकायला सांगतात, ते करू नका, त्या माशांचे हाल होतात आणि जगले तर पुढे सगळ्यांना मारतात.

मासे घेताना एका वेळी एक-दोनच आणि सगळे आधी दोन फुटी क्वारंटाईनमध्ये, म्हणजे वेगळ्या टँकमध्ये, चार आठवडे. स्पंज फिल्टर, पीव्हीसीचे तुकडे, बास. मेन टँकमध्ये इक (पांढऱ्या ठिपक्यांचा रोग) आला तर तांब्याचं औषध तिथे टाकता येत नाही, मासे बाहेर काढून टँक अडीच महिने बिनमाशांचा ठेवावा लागतो, त्यापेक्षा चार आठवडे परवडले. सुरुवात क्लाऊन माशांच्या जोडीने करा आणि टँक ब्रेड मागा, आपल्याकडे हॅचरीत वाढवलेले क्लाऊन मिळतात, ते पेलेट खातात आणि समुद्रातून कुणाला उचलावं लागत नाही. मग फायरफिश, गॉबी, रॉयल ग्रामा, क्लीनर श्रिम्प, आणि सहा-आठ महिन्यांनी हवाच तर एक कोले टँग. ब्लू टँग कितीही आवडला तरी नको, तो फूटभर होतो, चार फुटात त्याला पोहायला जागाच नाही. मँडरिनही नको, बहुतेक वेळा जिवंत कोपेपॉड (बारीक कवचधारी जीव) सोडून काही खात नाही आणि नव्या टँकमध्ये उपाशी मरतो. वरून जाळी लावा, फायरफिश उडी मारतोच.

दर आठवड्याला दहा टक्के, म्हणजे पंचेचाळीस लिटर पाणी बदला, स्किमरचा कप धुवा, सॉक बदला. गणपतीला गावी जाणार असाल तर निघायच्या आठ-दहा दिवस आधी कुठलाही नवा मासा किंवा नवं मशीन घेऊ नका, खाणं रोजच्या छोट्या पुड्या करून शेजाऱ्यांकडे द्या आणि बाकीचा डबा सोबत घेऊन जा कारण प्रेमापोटी लोक जास्त टाकतात, टॉपअपचा ड्रम भरा, आणि प्रत्येक प्लगवर नाव लिहा, म्हणजे फोनवरून 'वेव्हमेकरचा प्लग काढा' म्हटलं की त्यांना तो सापडेल.