मराठेशाहीतल्या लढवय्या मुलीवर किशोर कादंबरी लिहिताय? या चुका टाळा

मराठेशाहीच्या काळात हत्यार चालवायला शिकणारी मुलगी ही किशोर कादंबरीसाठी फार दमदार कल्पना आहे. अशी हस्तलिखितं आता बरीच वाचायला मिळतात आणि त्यांतली बहुतेक एकाच ठिकाणी अडखळतात. मुलीला जे खरोखर अवघड गेलं असतं, नेमकं तेच लेखक तिच्या वाटेतून उचलून बाजूला ठेवतो. मग उरते ती नऊवारी नेसलेली आजची मुलगी. बारा-तेरा वर्षांच्या वाचकाला हे लगेच कळतं.

शिवाजी महाराजांच्या फौजेत मुलींची तुकडी

सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. सभासदाच्या बखरीत, म्हणजे महाराजांवरच्या जुन्या चरित्रात, लष्कराचे नियम दिलेले आहेत. लष्करात बायको, बटीक, कलावंतीण नसावी आणि जो बाळगील त्याची गर्दन मारावी, इतकं ते स्पष्ट आहे. हा नियम शिपायांच्या शिस्तीसाठी होता हे खरं, पण असल्या छावणीत तुमची चौदा वर्षांची नायिका उघडपणे पागेत कशी राहील? महाराजांनी एका वाक्यात परवानगी दिली, असं लिहून सुटका होत नाही. तिथेच कादंबरीतला ताण संपतो.

यावर सोपा उपाय म्हणजे साल बदला. 1689 मध्ये संभाजीराजे मारले गेले, त्याच वर्षी रायगड पडला आणि राजाराम महाराजांना जिंजी गाठावी लागली. 1700 मध्ये सिंहगडावर ते वारले. सेनापती हंबीरराव मोहित्यांची मुलगी ताराबाई तेव्हा पंचविशीत होती. तिने आपल्या लहानग्या मुलाला गादीवर बसवून कारभार हातात घेतला आणि 1707 मध्ये औरंगजेब मरेपर्यंत लढा चालू ठेवला. 1689 ते 1707 या अठरा वर्षांत घरातले पुरुष मोहिमेवर आणि गढीत बायका, म्हातारे, मुलं, असं चित्र सहज रंगवता येतं. गढी राखायला एखादी मुलगी भाला शिकते, हे इथे पटतं. शिवाय राज्याची सूत्रं एका बाईच्या हाती आहेत ही बातमी तिच्या गावापर्यंत पोचते, तेव्हा घरातल्या वादाला वेगळंच वळण लागू शकतं.

दुसरी जागा म्हणजे 1858 ची झाशी. तिथे राणी स्वतः मल्लखांब करी, घोड्यावर बसे आणि तिला घोड्याची उत्तम पारख होती. वरसईचे गोडसे भटजी वेढ्याच्या वेळी झाशीतच होते आणि त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात तिच्या दिनक्रमाबद्दल लिहून ठेवलं आहे. झाशीच्या तटावर बायका दारूगोळा वाहत होत्या, हे इंग्रजांच्या बाजूच्या लोकांनीही नोंदवलं आहे. एवढा भक्कम आधार असताना कल्पनेतली तुकडी कशाला हवी?

सोळा वर्षांची, अविवाहित, आणि कुणी काही विचारतच नाही

त्या काळी मुलीचं लग्न फार लहानपणी होई. खुद्द ताराबाईचं लग्न दहाच्या आत झालं. तेव्हा सोळा वर्षांची बिनलग्नाची नायिका रानात तलवार फिरवत असेल, तर गावात त्यावर बोलणं होणारच. बरेच लेखक हे टाळतात, कारण बालविवाह किशोर वाचकांपुढे कसा मांडावा हे त्यांना सुचत नाही. माझं मत उलट आहे. कथेचा कणा इथेच सापडतो. लग्न झालंय पण अजून सासरी पाठवणी नाही. नवरा जिंजीच्या वाटेवर गेला आणि दोन वर्षं निरोप नाही. बालविधवा आहे म्हणून कुणाचं लक्षच नाही. तिन्हींत शिकायला वेळ मिळतो आणि तिन्हींत तो वेळ कधी संपेल याची धास्तीही असते. महिन्याचे चार दिवस बाजूला बसणं हेसुद्धा लिहा. त्या चार दिवसांत हत्याराला हात लावायची बंदी झाली तर ती काय करते, यावर एक चांगलं प्रकरण होतं.

तिची जात आणि घरचं वतन पहिल्या काही पानांत ठरवून टाका. देशमुखाच्या मुलीला घोडा मिळेल, पण उंबरठा ओलांडता येणार नाही. रामोशी किंवा कोळ्याच्या मुलीला रान मोकळं असेल, पण घोडा कुठला? दोघी सारख्याच सहजतेने एकाच विहिरीवर पाणी पिताना दाखवल्यात तर वाचकाचा विश्वास उडतो.

तीन पानांत तरबेज

आता प्रशिक्षणाकडे येऊ. जपानमध्ये सामुराई घराण्यांतल्या मुलींना नागिनाता हे लांब दांड्याचं शस्त्र शिकवायची रीत होती. 1868 मध्ये आइझूच्या लढाईत नाकानो ताकेको तेच घेऊन लढली. तो साचा उचलून सह्याद्रीत ‘मुलींचं गुरुकुल’ उभारू नका. इथे शिकवणारा घरातला असू दे: जखमी होऊन परतलेला चुलता, म्हातारा शिलेदार आजा, पागेत घोडे सांभाळणारा मोतद्दार.

आणि पहिल्याच दिवशी दांडपट्टा हातात देऊ नका! पट्ट्याच्या खोबळ्यात, म्हणजे हात झाकणाऱ्या मुठीत, मनगट अडकलेलं असतं, त्यामुळे वार खांद्यातून आणि कमरेच्या फिरकीतून येतो. पातं लांब आणि लवचिक असतं. अंदाज चुकला तर पहिली जखम स्वतःलाच. आधी पायांचे पवित्रे, मग लाठी, मग फरी-गदगा (छोटी ढाल आणि काठी), आणि खूप नंतर पट्टा. प्रशिक्षणाची प्रकरणं रेंगाळतात अशी तक्रार असेल तर प्रत्येक प्रकरणाला शरीराची एकच अडचण द्या. एकात फोड आलेले तळवे, एकात डाव्या पायाचा चुकणारा पवित्रा, एकात जमिनीवरचं लिंबू, जे काही केल्या दुभंगत नाही. तलवार दहा किलोची असते हा समजही सोडा. ती साधारण एक ते दीड किलोची असते. दमवतो तो तासभर उगारलेला हात.

घोडा, दारू, पाऊस

नायिका पुण्याहून निघते आणि रात्रभर चौखूर दौडत पहाटे साताऱ्यात पोचते. हे अंतर शंभर किलोमीटरच्या वर, वाटेत कात्रज आणि खंबाटकी. घोडा काही किलोमीटर चौखूर धावतो, मग त्याला चाल बदलावी लागते. त्याला पाणी, चंदी, खरारा लागतो. तो लंगडतोही. वाटेत घोडा बदलू द्या, किंवा तिला उशिरा पोचू द्या. उशिरा पोचणं कथेच्या फायद्याचंच असतं.

तोड्याच्या बंदुकीचंही तसंच. एक बार झाला की दारू भरा, गोळी ठासा, बंदुकीच्या कानावर, म्हणजे नळीच्या बाजूच्या भोकावर, रंजक (पेट घेणारी बारीक दारू) घाला. तोडा, म्हणजे बार पेटवायची जळती वात, सतत धुमसत ठेवावा लागतो. अंधारात त्याचा लाल ठिपका शत्रूला दिसतो, वास वाऱ्यावर जातो आणि पावसात तो विझतो. लागोपाठ पाच बार काढणारी नायिका म्हणूनच खोटी वाटते.

मोगलांकडचे सगळे दुष्ट आणि आपले सगळे निष्ठावान, हेही टाळा. वतनासाठी कित्येक देशमुख या बाजूचे त्या बाजूला गेले आणि परतही आले. नायिकेचा बापच त्यांतला असेल तर? चहा, बटाटा, टोमॅटो मात्र स्वयंपाकघरातून काढून टाका.

लढाईचं प्रकरण लिहिण्याआधी मर्दानी खेळाच्या एखाद्या आखाड्यात जाऊन या. कोल्हापुरात आजही मुली हे शिकतात. त्यांना विचारा की पहिल्या महिन्यात नेमकं काय दुखतं, हत्यार हातातून कधी निसटतं आणि घाम डोळ्यांत गेला की काय करतात.