व्हॅनिलाच्या शेंगा घेताना आणि वापरताना या चुका टाळा

पाकिटावर ‘बर्बन’ दिसलं की यात त्या नावाची व्हिस्की, म्हणजे दारू असेल असं समजून शेंगा परत ठेवू नका. हा शब्द म्हणजे फ्रेंच ‘बूर्बाँ’, हिंदी महासागरातल्या आजच्या रियुनियन बेटाचं जुनं नाव. तिथे १८४१ मध्ये एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने व्हॅनिलाच्या फुलांचं हाताने परागीकरण करायची सोपी रीत शोधली. पुढे मादागास्करमध्ये लागवड वाढली आणि नाव तेच चिकटलं. मादागास्करची, मेक्सिकोची आणि आपल्या केरळ-कर्नाटकातली शेंग एकाच प्रजातीची आहे. हिचा वास दाट, गोडसर. खीर, कस्टर्ड, केक, सगळ्यात चालते.

ताहितीची शेंग वेगळी. जाड, गुबगुबीत, फुलांचा आणि किंचित बडीशेपेसारखा वास. ही बासुंदीत तासभर आटवत बसलात तर पैसे वाफेबरोबर गेले म्हणून समजा! श्रीखंडात किंवा फ्रूट क्रीममध्ये घाला.

सगळ्यात महागडी चूक मात्र ‘ए’ आणि ‘बी’ ग्रेडबाबत होते. ‘बी’ म्हणजे हलका माल, असं नाही. फरक मुख्यतः ओलाव्याचा आणि दिसण्याचा. ‘ए’ शेंग मऊ, तेलकट, बोटाला गुंडाळता येते. चिरून बिया खरवडायच्या असतील तर हीच घ्या. घरी अर्क करायचा असेल तर कोरडी, स्वस्त ‘बी’ पुरे. ती चिरून व्होडकात बुडवा आणि निदान दोन महिने विसरून जा. आठवड्यात वास आला नाही म्हणून बाटली ओतून देऊ नका.

शेंग कडक झाली? कोमट दुधात भिजवा, मग चिरा. वर पांढरं दिसतंय? उजेडात धरा. सुयांसारखे चमकणारे कण असतील तर ते व्हॅनिलिनचे, म्हणजे व्हॅनिलाला वास देणाऱ्या द्रव्याचे स्फटिक, उलट आनंदच माना. लव असेल आणि कुबट वास येत असेल तर ती बुरशी. शेंग टाकून द्या. फ्रिजमध्ये ठेवल्याने शेंगा वाळतात, बुरशीही धरते. घट्ट झाकणाची काचेची बाटली आणि अंधारं कपाट बरं.

आइस्क्रीममधले काळे ठिपके पाहूनही हुरळू नका. अर्क काढून झालेल्या, वास गेलेल्या बियाही वेगळ्या विकत मिळतात आणि नुसत्या दिसण्यासाठी घातल्या जातात. याउलट, बिया खरवडल्यावर उरलेल्या सालीत भरपूर वास असतो. ती धुऊन, वाळवून साखरेच्या डब्यात खुपसा.