ग्राइंडर लावण्याआधी चकती बघा

कपाशी घरात आली की जळगाव-धुळ्याकडे शेडमध्ये कापसाचे ढीग लागतात, आणि नेमका तेव्हाच कुणाला तरी तिथला लोखंडी अँगल ग्राइंडरच्या फिरत्या चकतीनं कापायचा असतो. ग्राइंडरची ठिणगी वाटते त्याहून लांब उडते. कापसात शिरली तर आतल्या आत धुमसते, वरून पत्ताच लागत नाही. काम उघड्यावर करा, कापूस आणि पऱ्हाट्यांपासून लांब. पाण्याची बादली जवळ असू द्या.

चकतीवर छापलेला वेग वाचलाय कधी? चार इंची मशीन मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतं. सात इंची चकतीची मर्यादा ८,५०० च्या आसपास असते. लहान मशीनवर मोठी चकती बसावी म्हणून गार्डच, म्हणजे चकतीवरचं झाकणच, काढून टाकणारे महाभाग मी पाहिलेत. ती फुटली की तुकडा थेट तोंडावर! नवी चकती बसवल्यावर तोंड बाजूला ठेवून अर्धा-एक मिनिट रिकामी फिरवा.

चकती बदलताना प्लग काढाच. लाइट गेलेली असताना बटण चालू राहून जातं, आणि लाइट आली की मशीन हातात उसळतं. गळ्यातला रुमालही काढून ठेवा. डोळ्यांना उन्हाचा गॉगल चालणार नाही, बाजूनं बंद असलेला चष्माच लागतो.