बाळाची रात्रीची झोप : या चुका टाळा

बाळ रात्री सलग झोपत नाही म्हटले की घरातील सर्वांचे लक्ष रात्रीवरच खिळते. पण सहा महिन्यांपुढच्या निरोगी बाळाच्या बाबतीत बिघाड पुष्कळदा दुपारी आणि संध्याकाळीच झालेला असतो. त्याआधी तर याला बिघाड म्हणूच नये. दिवस-रात्रीतला फरक बाळाच्या शरीराला साधारण दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात कळू लागतो आणि तोवर दर दोन-तीन तासांनी दुधासाठी उठणे स्वाभाविकच असते. दोन महिन्यांच्या बाळाला सवय लागावी म्हणून रडू देणे किंवा त्याचे रात्रीचे दूध तोडणे, ही सर्वांत मोठी चूक होय.

गोव्यात दुपारची झोप ही घराची शिस्तच आहे. एकच्या सुमारास दुकाने बंद होतात, जेवणे उरकतात आणि बाळ निजले आहे तोवर आपणही थोडे पडून घेऊ, अशा विचाराने त्याला कोणी उठवत नाही. मग पाच-साडेपाचला उठलेल्या बाळाला रात्री साडेआठला झोप येणार कुठून? चार ते बारा महिन्यांच्या बाळाला चोवीस तासांत, दिवसाच्या डुलक्या धरून, सुमारे 12 ते 16 तास झोप लागते. त्यामुळे दुपारी जास्त घेतलेली झोप रात्रीतून वजा होते. यावर दुपारची झोप बंद करणे हा उपाय मात्र नव्हे, कारण अतिशय थकलेले बाळ संध्याकाळभर किरकिरते आणि रात्री अधिकच चाळवते. झोप थोडी अलीकडे आणावी, चारच्या सुमारास खिडक्या उघडून उजेड आत येऊ द्यावा आणि सकाळी उठवण्याची वेळ रोज तीच ठेवावी.

संध्याकाळी नेमके उलटे घडते. कामावरून उशिरा परतलेल्या वडिलांना बाळाशी खेळायचे असते, टीव्ही चालू असतो आणि पेंगुळलेले बाळ पुन्हा ताजेतवाने होते. खेळ सकाळी ठेवावा. संध्याकाळी वडिलांनी अंग पुसणे, कपडे बदलणे, अंगाई म्हणणे ही कामे घ्यावीत आणि ती रोज त्याच क्रमाने करावीत.

सर्वांत चिवट अडचण जोजवण्याची आहे. बाळाच्या झोपेचे एक आवर्तन साधारण पन्नास ते साठ मिनिटांचे असते आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी ते क्षणभर जागे होते. झोळीत हिंदकळत किंवा छातीशी दूध पीत ज्याचा डोळा लागला, त्याला मध्यरात्री तीच झोळी किंवा तीच छाती हवी असते. ती नसली की ते रडते. म्हणून झोप येऊ लागली, पण डोळे पुरते मिटलेले नाहीत, अशा वेळी त्याला अंथरुणावर ठेवावे. रडल्यास उचलून शांत करावे आणि पुन्हा ठेवावे. काही रात्री थोपटावे, मग नुसता हात ठेवावा, मग जवळ बसावे. यात एक रात्र आईची पद्धत आणि दुसऱ्या रात्री आजीची झोळी असे झाले तर बाळ काहीच शिकत नाही. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांशी आधीच, आणि दिवसा, बोलून घ्यावे.

बाळ झोपेत कण्हते, हातपाय झाडते, कधी डोळेही उघडते. अशा प्रत्येक हालचालीला धावून जाऊन आपणच त्याला जागे करतो. क्षणभर थांबून ऐकावे. खरोखर रडू लागल्यास मात्र विलंब करू नये. रात्रीचे दूध द्यायचेच असेल तर मंद उजेडात, गप्पा न मारता द्यावे.

गोव्याच्या दमट हवेत कुंची, मोजे आणि वर गोधडी असा थाट बाळाला घामाघूम करतो. हातपाय गार लागले म्हणून पांघरूण वाढवू नये. मानेमागे हात लावून पाहावा, तेथे घाम असेल तर कपडे कमी करावेत. पावसाळ्यात अर्धवट वाळलेले लंगोट हेही जागरणाचे कारण ठरते. मच्छरदाणी घट्ट खोचावी आणि बाळाला टणक, सपाट अंथरुणावर उताणेच निजवावे. डोके गोल व्हावे म्हणून ठेवली जाणारी मोहरीची उशी वर्षभर तरी दूरच असू द्यावी.

फोंड्याच्या कुळागरातले, म्हणजे सुपारी-मसाल्याच्या बागेतले, जायफळ उगाळून चाटवण्याची रीत अनेक घरांत अजून आहे. जायफळ जास्त झाल्यास विषारी ठरते आणि सहाणेवर उगाळताना मात्रेचा अंदाज राहत नाही. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, आणि मध तर वर्षभर नकोच.

गणेशचतुर्थीला, म्हणजे चवथीला, घर भरते, घुमट या वाद्याच्या गजरात आरत्या लांबतात आणि सगळे वेळापत्रक कोलमडते. तेवढ्याने काही बिघडत नाही. आठव्या ते दहाव्या महिन्यात, बाळ रांगू लागले आणि आई दृष्टीआड होताच बावरू लागले की, जमलेली झोप पुन्हा मोडते. तेव्हाही पद्धत न बदलता धीर धरावा. मात्र बाळ रोज घोरत असेल, वजन वाढत नसेल, दूध प्यायल्यावर वारंवार ओकून वेदनेने कळवळत असेल किंवा अंगात ताप असेल, तर हे सारे प्रयोग थांबवून बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. केवळ झोपेविषयी शंका असेल, तर ती नवव्या महिन्याच्या लसीसाठी जाल तेव्हा आरोग्य केंद्रातही विचारता येते.