लिनक्स संगणकावर मायक्रोकोड आणि बायोस अद्ययावत करताना

मदरबोर्डचे फर्मवेअर, म्हणजे संगणक सुरू करणारा बायोस, आणि प्रोसेसरचा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या कामातले दोष सुधारणारा छोटा कोड, अद्ययावत करण्याची ही दोन कामे एका दमात उरकू नयेत. पहिले बोर्डावरच्या चिपमध्ये कायमचे लिहिले जाते, तर दुसरा संगणक बंद होताच पुसला जातो आणि दर वेळी सुरू होताना नव्याने भरावा लागतो. म्हणून सुरुवात मायक्रोकोडपासून करावी.

उबुंटूवर तो बहुधा आधीच बसवलेला असतो. डेबियन १२ पासून इंटेल आणि एएमडी या दोघांचीही पॅकेजे ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ विभागात आहेत. तो विभाग पॅकेजे जिथून उतरतात त्या सोर्सच्या यादीत नसेल, तर पॅकेज सापडतच नाही. रीस्टार्टच्या आधी आणि नंतर ‘प्रॉक’मधल्या ‘सीपीयूइन्फो’ (/proc/cpuinfo) फाइलमधील मायक्रोकोडचा आकडा कागदावर उतरवून घ्यावा. आकडा बदलला नाही म्हणून काही चुकले असे समजू नये, कारण बायोसने तितकाच नवा मायक्रोकोड आधीच भरलेला असेल, तर कर्नल (लिनक्सचा गाभा) आपला भरत नाही. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीवरच्या इंटेलच्या मायक्रोकोडमुळे काही यंत्रे आपोआप रीस्टार्ट होऊ लागली आणि त्याचे वितरण थांबवावे लागले. पण अशा वेळी जुने पॅकेज बसवून रीस्टार्ट केले की भागते.

बायोसचे तसे नाही. गेल्या पावसाळ्यात घणसोलीला शेजाऱ्यांच्या डेस्कटॉपवर अपडेटची पट्टी निम्म्यावर असताना वीज गेली, आणि नंतर पंखा फिरे पण पडद्यावर काही उमटेना. शेवटी दुरुस्ती करणाऱ्याने आठ पायांच्या त्या इवल्याशा चिपला चिमटा लावून प्रोग्रॅमरने ती पुन्हा लिहिली. तेव्हापासून महावितरणचा वीज बंद राहणार असल्याचा मेसेज आलेला नाही ना, हे मी आधी पाहतो आणि डेस्कटॉप यूपीएसवर असल्याशिवाय या कामाला हात लावत नाही. लॅपटॉप चार्ज केलेला असावा आणि चार्जरही जोडलेला असावा.

डेल, लेनोवो, एचपी यांच्या बऱ्याच यंत्रांसाठी ‘एफडब्ल्यूयूपीडी’ (fwupd) हे लिनक्सवरून फर्मवेअर अद्ययावत करणारे साधन पुरते: आधी यादी ताजी करावी, उपलब्ध अपडेट पाहावे, मगच बसवावे. सुट्या घेतलेल्या मदरबोर्डांना ही सोय अनेकदा नसते. तेव्हा कंपनीच्या पानावरून फाइल उतरवून फॅट३२ केलेल्या पेनड्राइव्हवर ठेवावी आणि बायोसमधल्याच फ्लॅश सुविधेने लिहावी. मात्र बोर्डाच्या नावाबरोबर त्यावर छापलेला रिव्हिजन क्रमांकही जुळला पाहिजे.

सारे सुरळीत चालत असेल, तर केवळ नवी आवृत्ती आली म्हणून बायोसला हात लावू नये, असे माझे मत आहे. सुरक्षेतील त्रुटी किंवा ठोस दोष असेल तेव्हा मात्र टाळाटाळ करू नये. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरांच्या व्होल्टेजच्या दोषावरचा मायक्रोकोड मुख्यतः बायोसमधूनच आला.

अपडेटनंतर बायोसची सेटिंग्ज बहुधा मूळपदावर जातात. रॅमचा वेग, व्हर्च्युअलायझेशन आणि बूटचा क्रम यांचे मोबाइलवर आधीच फोटो काढून ठेवावेत. एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कची चावी टीपीएमशी (चाव्या जपणाऱ्या सुरक्षा चिपशी) बांधलेली असेल, तर बायोस बदलल्यावर ती आपोआप उघडेलच असे नाही; तसे असेल, तर पासफ्रेज हाताशी ठेवूनच रीस्टार्ट करावे.