गोव्यातून मदेराला माउंटन बाइकिंगला जाताना

मदेरा हे अटलांटिकमधले पोर्तुगालचे बेट जेमतेम ५७ किलोमीटर लांब आणि २२ किलोमीटर रुंद आहे. तरीही मधला पिको दो आरिएरो १८१८ मीटर उंच आहे. एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज या माउंटन बाइक शर्यतींच्या मालिकेची एक फेरी २०१७ आणि २०१९ साली इथे झाली, ती या उतारांमुळेच. गाडीने वर जायचे आणि सायकलवर खाली यायचे, अशा दिवसाला तीन-चार फेऱ्या होतात. चोर्ला घाट चढणाऱ्याचे पाय तिथे कमी पडत नाहीत. कमी पडतात बोटे, ब्रेक आणि गरम कपडे. म्हणून तयारी चढाची नको, उताराची करा.

कधी जावे

सत्तरी-डिचोलीच्या वाटा पावसात चिखल होतात, तेव्हा मदेरात कोरडा उन्हाळा असतो. मे-जून आणि सप्टेंबर हे महिने उत्तम. ऑगस्टमध्ये माती धुळीची होते आणि वणव्याची भीती असते. ऑगस्ट २०२४ मध्ये मोठा वणवा लागला होता. असे झाले की जळालेल्या भागातल्या वाटा दरडींमुळे बंद ठेवतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करा. उत्तरेचा उतार व्यापारी वाऱ्यांमुळे बारमाही ओला असतो, दक्षिणेचा कोरडा. ढग बहुतेक मधल्या उंचीवर अडकतात. त्यामुळे वर ऊन, मध्ये धुके आणि चिकट चिखल, खाली समुद्राकाठी पुन्हा ऊन, हे सगळे एकाच उतारावर भेटते. गोव्यात थंडीचे कपडे कोणाकडे नसतात, म्हणून पातळ पण वारा अडवणारे जाकीट, पूर्ण बोटांचे दोन जोड हातमोजे आणि लोकरीचे मोजे विकत घ्याच. हात गारठले की ब्रेकचा अंदाज जातो.

व्हिसा आणि विमान

भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि शेवटची मुदत १५ दिवस आधीची असते. शेवटपर्यंत थांबू नका. शुल्क ९० युरो आहे, शिवाय व्हिसा अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, पण स्वस्त पॉलिसीत साहसी खेळ वगळलेले असतात. 'माउंटन बाइकिंग' शब्द पॉलिसीत लिहिलेला आहे का ते स्वतः वाचा. घरात कोणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर त्याला व्हिसा नको, मात्र गोव्यात परतताना त्याला ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचे) किंवा भारताचा व्हिसा लागतो.

मोपा किंवा दाबोळीहून मुंबई अथवा आखातमार्गे लिस्बन आणि तिथून मदेराची राजधानी फुन्शाल. फुन्शालच्या विमानतळावर आडवा वारा सुटला की विमाने उतरू शकत नाहीत, ती शेजारच्या पोर्तो सांतो बेटावर किंवा मागे वळवतात. म्हणून परतीच्या लांब प्रवासाआधी लिस्बनमध्ये एक रात्र मोकळी ठेवा. लिस्बन-फुन्शालचे तिकीट वेगळे काढले असेल तर हा दिवस सोडूच नका.

सायकल न्यावी की भाड्याने घ्यावी

आठवड्याच्या सहलीसाठी भाड्याची घ्या, हे आमचे स्पष्ट मत आहे. गोव्यात चालणारी १०० मिलिमीटर सस्पेन्शनची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) जांभ्याच्या सड्यावर ठीक असते. मदेराच्या मुळांच्या पायऱ्यांसाठी पुढे-मागे १५० ते १६० मिलिमीटर हवे. ई-बाइक तर न्यायचीच नाही: प्रवासी विमानात १६० वॉट-तासांपेक्षा मोठी बॅटरी चालत नाही आणि ई-बाइकची त्याच्या कितीतरी पट असते. आपले हेल्मेट, गुडघे-कोपराचे पॅड, पेडल आणि बूट मात्र न्या.

भाड्याची सायकल हातात आली की आधी ब्रेकच्या मुठी तपासा. आपल्याकडे बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, युरोपात तो डाव्या हाताला. घाबरून मागचा समजून पुढचा दाबला की माणूस हँडलवरून पुढे जातो. दुकानात नळ्या बदलून देतात. आदल्या दिवशीच सांगा, कारण त्यासाठी कधी कधी ब्रेक ब्लीड करावा, म्हणजे त्यातली हवा काढावी लागते. रस्त्यावर वाहने उजवीकडून चालतात, हेही ध्यानात ठेवा.

ब्रेक: इथेच सगळे बिघडते

हजार मीटरचा उतार सलग उतरताना सतत हलका ब्रेक धरून ठेवणे ही सर्वांत मोठी चूक. रोटर (ब्रेकची धातूची चकती) गार व्हायला वेळच मिळत नाही, रेझिनचे ब्रेक पॅड (चकती दाबणारे तुकडे) चकचकीत होतात, किंचाळतात आणि पकड सोडतात. त्याऐवजी वळणाच्या आधी जोरात, थोडा वेळ दाबा आणि पूर्ण सोडा. पुढचा रोटर २०० किंवा २०३ मिलिमीटरचा मागा. धातूमिश्रित पॅड उष्णता जास्त सोसतात, पण रोटरवर 'रेझिन पॅड ओन्ली' छापलेले असेल तर ते बसवू नका, रोटर झिजून जाईल.

आपलीच सायकल नेणार असाल आणि ब्रेकमध्ये डॉट तेल (हायड्रॉलिक ब्रेकच्या द्रवाचा एक प्रकार) असेल तर निघण्यापूर्वी बदला. डॉट तेल हवेतला ओलावा शोषते, आणि गोव्याच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. डॉट ५.१ ताजे असताना २६० अंशांच्या वर उकळते, पाणी मुरल्यावर १८० च्या आसपास. उकळले की नळीत वाफ होते आणि मूठ थेट हँडलला टेकते. दुसऱ्या प्रकारचे, मिनरल तेल पाणी शोषत नाही, पण आत शिरलेले पाणी कॅलिपरमध्ये (पॅड धरणाऱ्या भागात) साचते, म्हणून तेही वर्षाला बदला. दोन्ही तेले एकमेकांत कधीच मिसळू नका, सील फुगतात.

नवे पॅड वापरण्याआधी सपाट रस्त्यावर २० किलोमीटर वेगावरून जवळजवळ थांबेपर्यंत वीस-पंचवीस वेळा ब्रेक लावा. मूठ एका बोटाने दाबायची सवय गोव्यातच लावा आणि एकच लांब उतार विश्रांतीशिवाय तीनदा उतरून बघा. हात भरून येत असतील तर मूठ हँडलच्या जवळ आणा.

टायर ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले), २.४ ते २.५ इंच रुंद. ७५ किलोच्या माणसाने पुढे २२ ते २४ आणि मागे २५ ते २७ पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) ने सुरुवात करावी. ज्वालामुखीचा दगड धारदार असतो, त्यापेक्षा हवा कमी केली की रिमला डेंट पडतो.

न्यायचीच असेल तर

पाना वरच्या बाजूला धरला की दोन्ही पेडल मागच्या चाकाच्या दिशेने फिरवून सैल होतात, कारण डाव्याचे आटे उलटे असतात. डिरेलर (गिअर बदलणारा भाग) हँगरवरून (तो अडकवायच्या पातळ पट्टीवरून) काढून चौकटीला बांधा, नाहीतर हँगर हमखास वाकतो. एक सुटा हँगर जवळ ठेवा. रोटर टी-२५ चावीने काढून चाकापासून वेगळे न्या आणि कॅलिपरमध्ये प्लॅस्टिकची चकती घाला. वजन पिशवीसकट २३ किलोच्या आत ठेवा. टायर भरायच्या कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यांऐवजी हातपंप घ्या. जाताना विमानतळावर भारतीय कस्टम्सकडून महागड्या सायकलचे निर्यात प्रमाणपत्र घ्या, परतताना शुल्काचा वाद होत नाही.

वाटा आणि खाणे

पश्चिमेला पाउल दा सेर्राच्या पठारावरून आणि पूर्वेला माशिकोभोवती सायकलींच्या वाटा आहेत. पाण्याच्या पाटांना, म्हणजे लेवादांना, लागून असलेल्या वाटा पायी चालणाऱ्यांच्या आहेत. त्यावर सायकल घालू नका. एका बाजूला दरी आणि रुंदी हँडलपेक्षा कमी, समोरून माणूस आला तर जागाच नसते. पाट्यांवरचे 'पेरिगु' म्हणजे धोका आणि 'एन्सेर्रादू' म्हणजे बंद. तातडीसाठी ११२.

सोबत तूप, खव्याचे पेढे किंवा चोरीस सॉसेज नेऊ नका, युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत. चिक्की, लाडू नेत असाल तर ते तुपाशिवायचे असावेत. तिथला बोलो दो काको हा रताळ्याचा पाव लसणाच्या लोण्यासोबत मिळतो, शाकाहारी माणसाला तो आधार आहे. उसाच्या दारूची पोंशा दिवसाच्या शेवटच्या फेरीनंतरच.

परतण्याच्या आदल्या संध्याकाळी टायर, बुटांचे तळ आणि गुडघे-कोपराच्या पॅडच्या वाद्या घासून, धुऊन वाळवा. मातीसकट सामान भारतात आणता येत नाही, आणि पोर्तुगालची बिया-बुरशी सत्तरीच्या रानात यायलाही नको.