नवे प्रवाळ थेट मुख्य टाकीत? या चुका टाळा

डिप, म्हणजे नवे प्रवाळ औषधी द्रावणात बुडवून काढणे, हे क्वारंटाइन, म्हणजे काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणे, नव्हे, हे कितीही वेळा सांगितले तरी रीफ टाकीच्या, म्हणजे घरी खाऱ्या पाण्यात प्रवाळ पाळण्याच्या टाकीच्या, नवशिक्यांना पटत नाही. फ्रॅग, म्हणजे प्रवाळाचा छोटा तुकडा, आणायचा, आयोडीनच्या किंवा तयार मिळणाऱ्या द्रावणात पाच-दहा मिनिटे बुडवायचा, तळाशी पडलेले दोन-चार किडे पाहून समाधान मानायचे आणि त्याच संध्याकाळी तो मुख्य टाकीत चिकटवायचा, अशी रीतच पडून गेली आहे. डिपने हालते-चालते किडे सुटून पडतात. अंडी मात्र बहुतेक वेळा शाबूत राहतात, आणि पुढचा सगळा उपद्रव त्यांतूनच निघतो.

ठाण्यातील एका परिचितांनी असाच झोअँथिडचा (गुच्छाने वाढणाऱ्या, फुलांसारख्या दिसणाऱ्या मऊ प्रवाळाचा) देखणा फ्रॅग आणून, डिप देऊन लगेच लावला. काही आठवड्यांनी शेजारच्या जुन्या वसाहती भर उजेडातही मिटलेल्या राहू लागल्या. त्यांनी आधी दिव्यांची तीव्रता कमी केली, मग मिठाचा ब्रँड बदलला, मग अल्कलिनिटीच्या (पाण्यातील कार्बोनेटच्या प्रमाणाच्या) मागे लागले. एकाच आठवड्यात इतके बदल केल्यावर मूळ दुखणे कोणते, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. दिवे मालवल्यावर मी टॉर्च घेऊन पाहिले, तेव्हा पॉलिपांच्या (वसाहतीतल्या एकेका फुलासारख्या जिवाच्या) देठांना बिलगलेले न्यूडिब्रँक दिसले. हे कवच नसलेले, गोगलगायींच्या कुळातील प्राणी झोअँथिडच खातात आणि त्यांचेच रंग अंगावर मिरवतात, त्यामुळे दिवसा ते समोर असूनही ओळखू येत नाहीत. फ्रॅगचा प्लग (तो ज्यावर चिकटवलेला असतो ती छोटी बैठक) उलटा केला, तर खाली पांढुरक्या, बुळबुळीत अंड्यांची वेटोळी चिकटलेली होती. पुढे खडक बाहेर काढणे, चिमट्याने एकेक प्राणी वेचणे आणि पुन्हापुन्हा डिप देणे, एवढे सोपस्कार करूनही निम्म्या वसाहती गेल्या.

म्हणून विक्रेत्याचा प्लग मी कधीच ठेवत नाही. फ्रॅग त्यावरून सोडवून, तळ भिंगाखाली पाहून, जेल स्वरूपाच्या सायनोॲक्रिलेट गोंदाने नव्या प्लगवर लावतो, आणि विलगीकरणात दर आठवड्याला डिप देतो. या कामात हातमोजे आणि चष्मा हवाच, कारण काही झोअँथिडांमध्ये, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते. असे खडक उकळण्याचा ‘झटपट’ उपाय करू नये. त्या वाफेने माणसे रुग्णालयात पोहोचली आहेत.

दुसरा हट्ट असा की, माशांचा रोग प्रवाळावरून कसा येईल? प्रवाळाला पांढऱ्या डागांचा रोग होत नाही, हे खरे. पण त्या रोगाच्या क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीच्या गाठी प्लगवर, खडकावर आणि शंखांच्या पाठीवर चिकटून येतात. अशा गाठी फुटायला 72 दिवसांपर्यंत वेळ लागल्याची नोंद आहे, म्हणून जाणकार मंडळी नवे प्रवाळ मासे नसलेल्या टाकीत 76 दिवस ठेवतात. इतका धीर ज्यांना नाही, त्यांनी निदान सहा आठवडे थांबावे आणि उरलेला धोका आपण पत्करला आहे हे ध्यानात ठेवावे. विलगीकरणाच्या टाकीत ‘सोबतीला’ एखादा मासा सोडला, तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात.

घाईघाईने मांडलेल्या कोऱ्या टाकीत अमोनिया वाढून फ्रॅग किड्यांआधीच मरतो. त्यासाठी मी एक स्पंज कायम मुख्य टाकीच्या संपमध्ये (टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत) ठेवतो, म्हणजे त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू वसतात, आणि गरज पडली की नव्या टाकीत हलवतो. लहान टाकीतले पाणी, विशेषतः मे महिन्यात पंखा लावल्यावर, झपाट्याने उडते आणि खारटपणा चढतो, म्हणून रोज आरओच्या पाण्याची भर घालावी आणि घनता 1.025 च्या आसपास राखावी. माशांच्या उपचारासाठी तांबे वापरलेली टाकी प्रवाळांसाठी घेऊ नये. चिमटे आणि जाळी दोन्ही टाक्यांना वेगवेगळी असावीत.

भारतात सर्व कठीण (दगडासारखा सांगाडा असलेले) प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत, त्यामुळे ते कोणी देऊ केले तरी घेऊ नयेत. जेथे ते कायदेशीररीत्या मिळतात, अशा देशांतील मराठी शौकिनांनी ॲक्रोपोरा या फांद्या असलेल्या कठीण प्रवाळाच्या उघड्या पडलेल्या सांगाड्यावर, फांदीच्या बुडाशी, तो खाणाऱ्या चपट्या कृमींची तपकिरी अंडी शोधावीत. ती फुटायला तीन आठवडेही लागू शकतात, आणि दुकानदाराने सुचवलेला दोन आठवड्यांचा क्वारंटाइन त्याआधीच संपू शकतो.